उभ्या माणसाचा वेग

पुलाचा उतार संपतो तिथे डाव्या हाताला खांबावर एक राखाडी डबा बसवलेला आहे. तो तिथे आहे हे मला ठाऊक होतं, साऱ्या शहराला ठाऊक आहे. पण शेजारच्या रानात वाघ राहतो हे ठाऊक असणं वेगळं आणि वाघानं आपल्याकडे बघून जांभई देणं वेगळं. मंगळवारी सकाळी लख्ख उन्हात डबा चमकला. गाडीच्या आत, माझ्या गुडघ्यांवर, हिच्या मांडीवरच्या पिशवीवर, काचेवर साठलेल्या धुळीच्या कणाकणावर असा पांढराफेक उजेड पडला, की उन्हालाही आपण काळवंडलो असं वाटावं. आणि लगेच तो नव्हताच. पुढे रस्ता होता तसाच. पण माझ्या तोंडावर काहीतरी चिकटून राहिलं होतं, कुणी न विचारता गालाला हात लावून गेल्यासारखं. फोटो काढायचा तर माणूस केस सारखे करतो, पोट आत घेतो. मी त्या क्षणी काय करत होतो? बहुतेक जिभेनं दाढेत अडकलेलं काहीतरी शोधत होतो. आता ते तोंड कुठल्या तरी कचेरीत कुणाच्या तरी समोर उघडणार होतं. "मी किती होतो गं?" मी हिला विचारलं. ही दाताच्या डॉक्टरकडून येत होती; दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल बधिर. ती म्हणाली, "हं. हं हं." संसारात इतकी वर्षं काढल्यावर बायकोच्या हुंकाराचे अर्थ नवऱ्याला पाठ असतात. एका 'हं'चा अर्थ मीठ जास्त झालंय, दोनचा अर्थ पाहुणे गेले की बोलू. पण कापसातून गाळून आलेल्या या तीन हुंकारांचा अर्थ मला लागेना.

काट्याकडे बघावं तर आमच्या गाडीचा वेगाचा काटा म्हाताऱ्या हेडमास्तरांसारखा: थरथरतो, पण नेमकं काही सांगत नाही. मर्यादा पन्नासची. मी चाळीसच्या आतच असणार, कारण उतारावर एक सायकलवाला मला मागे टाकून, वर मान वळवून बघून गेला होता. मग डबा चमकला का? यंत्र बिघडलं असेल. पण यंत्र बिघडलं तरी दंडाचा निरोप यायचा राहत नाही, आणि तो माझ्या फोनवर नव्हे, मुलीच्या फोनवर येणार होता. गाडीच्या कागदांत तिनंच स्वतःचा नंबर भरून ठेवलाय. मुलगी औषधांच्या दुकानात काम करते आणि बापालाही डोस मोजूनच देते. मागे आमच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली (खांबच जरा पुढे आला होता असं माझं अजूनही म्हणणं आहे), तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, आणखी एक काही झालं की किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये." आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. शांत माणसाचं काय करायचं? किल्ली गेली तर जग बुडणार नव्हतं. बस आहे, रिक्षा आहे, जावई आहे. पण घरात आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून तरी असतो, ती ओट्याशी, मी खिडकीशी, नाहीतर समोरासमोर, आणि समोरासमोर बसलं की मधे औषधं, बिलं, तिची बहीण हे सगळं येऊन बसतं. गाडीत मात्र दोघं शेजारी असतो आणि दोघांचीही नजर एकाच बाजूला असते. तिथे मी थापा मारतो आणि ती ऐकते. "काहीतरीच तुमचं," म्हणते, पण ऐकते. घरात ती माझी अर्धी थापही ऐकून घेत नाही. ड्रॉवरमध्ये जाणार होतं ते हे.

थापांचं म्हणाल तर तो माझा जोडधंदा. मूळ धंदा नंबरप्लेट रंगवण्याचा. गॅरेजच्या कडेला टपरीएवढी जागा, भिंतीला टांगलेल्या ओल्या पाट्या, टर्पेंटाइनचा डोकं हलकं करणारा वास, आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, जो मी बायकोलाही हात लावू दिला नाही. आकड्यांशी माझं घरचं नातं. आठ म्हणजे जेवून उठलेली मावशी. तिला दोन दमात काढायची नाही, एका श्वासात वळवायची. सात उनाड, नेहमी कुणाला तरी टेकायला बघणारा. चार कोपरं काढून चालणारा, त्याच्याशेजारी कुणालाही जागा कमी पडते. गिऱ्हाइकं यायची, पाटी वाळेपर्यंत बाकावर बसायची आणि बसल्या बसल्या तोच प्रश्न विचारायची: पेंटर, पोलिसांच्या त्या यंत्राला चकवायचं काही जमतं का? आता माणूस आशेनं विचारतोय, पाटी वाळायला वेळ आहे, नाही कसं म्हणायचं? मी कुणाला सांगितलं, चाकाच्या टोपीत चॉकलेटची चांदी भरा, लहरी आत शिरतात आणि वाट चुकतात. कुणाला सांगितलं, पाटीवर केसांचा फवारा मारा. एका वकिलाला, तो फारच घाईचा होता म्हणून, सांगितलं की शंभराच्या वर गेलं की डबा हतबल होतो, फोटोत नुसता रस्ता येतो. एकाला सांगितलं, आरशाला गाण्यांची चकचकीत चकती, ती सीडी, टांगा. पाटीबरोबर थाप फुकट. लोक हसत जायचे आणि काही जण, हे मला पुढे कळलं, न हसता जायचे. मग यंत्रावर ठोकलेल्या पाट्या आल्या. सगळे आठ सारखे, सगळ्या मावश्या एकाच साच्यातल्या. टपरी मी बंद केली. गॅरेजातला बाक मात्र सोडला नाही.

संध्याकाळी त्याच बाकावर जाऊन बसलो. जायला नको होतं, पण डबा चमकला म्हणजे नक्की काय होतं हे मिस्त्रीशिवाय कुणाला विचारणार? मिस्त्री गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय माझ्याशी बोलत होते. शेजारी सीटकव्हरवाला दातात दोरा धरून एका सीटला जांभळं कातडं चढवत होता.

"चमकला म्हणजे संपलं, पेंटर," पाय म्हणाले. "किती होतात?"

खरं गळ्यापर्यंत आलं. चाळीसच्या आत. त्यानं बाहेर डोकावून पाहिलं, बाकावर कोण बसलंय, ऐकणारे कोण, आणि ते मुकाट्यानं परत आत गेलं. "एकशे दहा," माझी जीभ म्हणाली. मी काही केलं नाही. तिनंच केलं.

पाय थांबले. मिस्त्री फळीसकट सरकत बाहेर आला. "ह्या गाडीत?"

"उतारावर सोडली होती. ही म्हणाली, दाढ ठणकतेय, जरा ओढा. ओढली. पुलाचे कठडे नुसते एक रेघ झाले. चमकला तेव्हा मी डब्याच्या पुढे होतो, उजेड मागून आला."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? तोंडातून शब्द फुटेना." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मिस्त्रीनं हात पुसले आणि डॉक्टर नाडी बघतो तसा चेहरा केला. "एकशे दहा असाल तर घाबरू नका. शंभराच्या वर डबा हतबल होतो. फोटोत नुसता रस्ता येतो."

'हतबल' हा शब्द माझा होता. माझंच पोर घरातून पळून गेलं होतं आणि आता मिशा फुटून, कोट चढवून, मलाच शहाणपण शिकवायला आलं होतं.

"तरी पुढच्या वेळेसाठी चकती लावाच," सीटकव्हरवाला दोरा न सोडता म्हणाला. "आरशाला. किरण उलटा फिरतो आणि दंड मागच्या गाडीला जातो."

"मागच्या गाडीलाही चकती असली तर?" मिस्त्रीनं विचारलं.

"मग तिच्या मागच्या गाडीला."

"आणि शेवटच्या गाडीचं काय?"

"त्यानं घरून लवकर निघावं."

मी हसलो, पण घरी येताना काहीतरी बिनसलं होतं. इनॅमल रंगाचं एक असतं. ओला असतो तोवर चिंधीनं पुसता येतो, खालची पाटी जशीच्या तशी. एकदा वाळला की खालचा आकडा कोणता होता हे रंगवणाऱ्यालाही सांगता येत नाही. एकशे दहा रात्रभरात वाळला. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मला पुलाचे कठडे आठवले, खरंच रेघ झालेले. तिसऱ्या दिवशी तो सायकलवाला आठवेना. म्हणजे माणूस आठवत होता, त्याची वळलेली मान आठवत होती, पण तो मंगळवारचा की आदल्या आठवड्यातला? स्टिअरिंगचा हाताला लागलेला तो कंप, तो रस्त्याचा की वेगाचा की माझ्या वयाचा? आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या डोक्यात थापा सोडल्या आणि खुशाल झोपलो. ही एक माझ्याच घरात बिऱ्हाड करून राहिली होती, आणि गंमत अशी की भाडं मीच भरत होतो. मधूनच छातीत एक गोड कळ यायची: समजा, खरंच गेलो असेन एकशे दहानं? या वयात? मग लगेच ड्रॉवर आठवायचा.

मुलीचा फोन वाजायच्या आधी गॅरेजच बोललं. जावई पंक्चर काढायला तिथे गेले होते. आमचे जावई सज्जन. पावसाचा अंदाजसुद्धा ते खरा मानतात. रविवारी दोघं आली. मुलीनं चप्पल काढायच्या आधी हात पुढे केला.

"किल्ली, बाबा."

"अगं, पण मी चाळीसच्या आत होतो."

"मिस्त्रींना एकशे दहा सांगितलंत."

"ते मिस्त्रीला सांगितलं."

"मग खरं काय?"

"सायकलवाला पुढे गेला माझ्या," मी म्हणालो, आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. खऱ्याला ना चव ना रंग. एकशे दहा कसा ठसठशीत होता. जावई हळूच म्हणाले, "बाबा, मला सांगितलंत तरी चालेल, मी कुणाला बोलणार नाही." त्यांच्या डोळ्यांत चक्क आदर होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा जावयाच्या डोळ्यांत आदर दिसावा आणि आपण तो नाकारत बसावं, ही काय वेळ.

मुलगी आईकडे वळली. "आई, तू होतीस ना गाडीत?"

हिच्या गालाची सूज उतरली होती, बोलता येत होतं. पण ती सावकाश खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला काय विचारतेस? मी डोळे मिटून दाढेचं दुःख करत होते. हे चंद्रावर गेले असते तरी मला कळलं नसतं." खोटं बोलणं तिला जमत नाही, ही माझ्या नशिबातली जुनी अडचण.

"मग चला, तिथेच विचारू," मुलगी म्हणाली. "त्या उतारावर पोलीस असतात रोज. पण गाडी बाबा चालवतील. मला बघायचंय."

निघालो चौघं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मी हात धुऊन स्टिअरिंग धरलं. मागच्या सीटवर मुलीचं श्वास मोजणं मला ऐकू येत होतं. गाडी हळू न्यावी तर मुद्दाम वाटेल, नेहमीसारखी न्यावी तर नेहमी कशी नेतो तेच विसरलेलो. माणसाला चाल विचारली की त्याचे पाय अडखळतात, तसं माझ्या गाडीचं झालं. हिनं मधेच पिशवीतून लवंग काढून दाढेत धरली आणि म्हणाली, "ते झाड बघा, केवढं वाढलंय." मी बघितलं नाही. मनात आलं, उद्यापासून हे झाड ही कुणाला दाखवणार?

उताराखाली सावलीत वाहतूक पोलीस बाई उभ्या होत्या, तीन पायांच्या तिकाटण्यावर वेग मोजायचं यंत्र लावून. मी गाडी कडेला घेतली. मुलीनं उतरून सगळं सांगितलं, वार, वेळ, चमक. बाईंनी गाडीच्या पाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ही गाडी होय? हातानं रंगवलेली पाटी आता बघायला मिळत नाही, म्हणून लक्षात राहते. मंगळवारी मी इथेच होते. काका, डबा तुमच्यावर नाही चमकला. तुमच्यामागे रांग लागली होती, मीच हात करून एकेकाला पुढे काढत होते. त्यात फुलांची गाडी, तुमचं लक्ष नसेल, तुम्हाला वळसा घालून सुसाट गेली. तो उजेड तिचा."

"म्हणजे बाबा हळू होते?" मुलीनं विचारलं.

"हळू?" बाई जरा अवघडल्या. "आमच्यात तुमच्या गाडीला गोगलगाय म्हणतात. राग मानू नका."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच जागी दुसरा बसला. किल्ली वाचली होती. पण ते रेघ झालेले कठडे, ती गोड कळ, जावयांच्या डोळ्यांतला आदर, सगळं फुलांच्या गाडीबरोबर पुढे निघून गेलं होतं. जावई आता चपलेकडे बघत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाई, ते आरशाला चकती लावतात, त्यानं यंत्र चुकतं का हो?"

"आमचे वडीलसुद्धा लावतात," त्या म्हणाल्या. "मी पोलिसात आहे, मी सांगतेय, तरी ऐकत नाहीत. त्यांना कुणा पेंटरनं शपथेवर सांगितलंय म्हणे. यंत्राला काही होत नाही. उलट चकती लांबून चकाकते, म्हणून आम्ही यंत्र आधी तिच्यावरच रोखतो."

हिनं लवंग जिभेवर या गालातून त्या गालात नेली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर परवडलं असतं.

तेवढ्यात बाईंनी खिशातून दोन लांब दात्यांचा, जेवणाच्या काट्यासारखा एक पोलादी काटा काढला. "जरा थांबा, कामाला लागण्याआधी यंत्र तपासावं लागतं." त्यांनी तो बुटाच्या टाचेवर ठण्ण आपटला आणि यंत्राच्या तोंडापुढे धरला. बारीक, मधमाशीसारखा नाद घुमू लागला. यंत्रावर आकडा उमटला: नव्वद.

"कोण गेलं?" मी मागे वळून रस्ता बघितला. रस्ता रिकामा.

"कुणी नाही. हा काटा थरथरतो ना, यंत्राला तोच वेग वाटतो. याच्यावर नव्वद कोरलंय, तेवढंच यंत्रानं दाखवलं म्हणजे यंत्र ठीक."

"मी धरून बघू?"

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दिला. मी टाचेवर आपटला, पहिल्यांदा नुसतीच टाच दुखली, दुसऱ्यांदा वाजला. हात लांब केला. तो नाद बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून थेट दाढांपर्यंत आला. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, वारा पडलेला, समोर एक कुत्रं झोपलेलं, आणि यंत्रावर लाल आकड्यांत नव्वद. नऊ जरा बेढब होता, मी अधिक डौलदार काढला असता. पण नव्वद होता. आत कुठेतरी इतकी वर्षं, बाकावर बसल्या बसल्या, जे नुसतंच थरथरत होतं त्याला आज कुणीतरी आकडा दिला होता. मी काटा खाली घेईपर्यंत आकडा दिसत राहिला.

परतताना मुलगी म्हणाली, "किल्ली ठेवा. पण एका अटीवर. गॅरेजात जाऊन खरं सांगायचं. फक्त खरं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ड्रॉवर. आई, तू साक्षीला जा."

संध्याकाळी आम्ही दोघं गॅरेजात गेलो. ही आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बसली, खाली रुमाल अंथरून. मी घसा साफ केला आणि अक्षर न अक्षर खरं सांगितलं. मंगळवारी मी चाळीसच्या आत होतो. डबा फुलांच्या गाडीवर चमकला. आज मी त्याच उतारावर पोलीस बाईंच्या यंत्रासमोर उभा राहिलो, गाडी कडेला बंद, पाय जमिनीवर, हातात एक पोलादी काटा, आणि यंत्रानं नव्वद दाखवलं. दंड नाही, काही नाही.

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"पेंटर," तो सावकाश म्हणाला, "आजवर तुमचं सगळं पचवलं. एकशे दहा पचवलं. पण उभ्यानं नव्वद? माणसानं काही मर्यादा ठेवावी."

"अरे, देवाशपथ खरं आहे."

"फुलांच्या गाडीनं सुरुवात केलीत तेव्हाच मी ओळखलं," सीटकव्हरवाला म्हणाला. "आधी जरा नरम बोलायचं आणि मग घुसवायचं. पण झकास आहे हां. तुमची आजवरची सगळ्यात मोठी."

मिस्त्री हिच्याकडे वळला. तिच्या शब्दाला तिथे सरकारी शिक्क्याचा मान. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मी समोरच होते," ही म्हणाली. "दोन्ही पाय जमिनीवर होते यांचे. आणि नव्वद."

मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"संगतीचा परिणाम," सीटकव्हरवाला म्हणाला, आणि दोघं इतके हसले की मिस्त्रीला खोकला लागला, पाणी आणावं लागलं. ही रुमालाची घडी घालत होती, पण कानशिलं लाल झाली होती. जन्मभर खरं बोललेल्या बाईला भर बाजारात कुणी खोटं ठरवलं तर ती चिडेल असं मला वाटलं होतं.

घरी येताना ती पुढे बघत होती, मीही पुढे बघत होतो. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मी त्याला जाऊ दिलं.

"अहो," ही म्हणाली.

"काय?"

"त्या पोलीस बाईंनी काट्याला तुमचं नाव दिलं, असं पुढच्या वेळी घालू या का?"

"कुठे दिलं तिनं?"

"नाही दिलं." तिनं खिडकीची काच थोडी खाली केली. "पण शोभलं असतं."